गोदाकाठचा गोऱ्हा

गाय व्याली की पहिला प्रश्न एकच असतो: गोऱ्हा की कालवड? पुणतांब्याच्या पट्ट्यात हा प्रश्न पूर्वीही विचारला जायचा आणि आजही विचारला जातो. ज्या उत्तराने घर हरखायचे ते उत्तर मात्र साधारण पन्नास वर्षांत उलटले. नांगर, मोट आणि गाडी बैलावर चालत होती तोवर गोऱ्हा ही घरची कमाई होती. दुधाच्या धंद्याने जोर धरला तशी कालवड वरचढ ठरली आणि गोऱ्ह्याला खाऊ घालायचे कशासाठी, हा नवाच प्रश्न उभा राहिला. युरोपातल्या छोट्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कोवळ्या वासराच्या मांसात शोधले. महाराष्ट्रात ते उत्तर ना कायद्याने चालते, ना गावात. दुसरे उत्तर मात्र अजून सापडलेले नाही.

पुणतांबा हे गोदावरीच्या दक्षिण काठावरचे जुने गाव. पूर्वी ते कोपरगाव तालुक्यात होते, आता राहाता तालुक्यात आहे. चांगदेवांची समाधी हे गावाचे मोठे दैवत. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि पुणतांबा त्यावरचे स्थानक झाले. पुढे शिर्डीचा फाटाही इथूनच निघाला. जमीन बहुतेक काळी, पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. कालवा येण्याआधी या शिवाराचे सगळे गणित दोनच गोष्टींवर होते, एक विहिरीचे पाणी आणि दुसरी बैलांची ताकद.

काळ्या रानाची खोल नांगरट एका जोडीचे काम नव्हते. जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढी जनावरे एका घरी क्वचितच असत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत सावड चाले: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तरी बैलांची गरज सुटली नाही. विहिरीवर मोटेला दोन किंवा चार बैल लागत. त्याखेरीज कुळव, पाभर, कोळपे, खळ्यावरची मळणी आणि बाजाराची गाडी. बैल मेला तर हंगाम जाई, आणि नवा बैल घ्यायचा तर सावकाराचे दार ठोठावावे लागे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनमध्ये माणसांइतकीच जनावरांचीही वाताहत केली. पाऊस परत आल्यावर रान होते, बी उसने मिळत होते, पण औत ओढायला काही उरले नव्हते. अशा मुलखात घरच्या गायीने गोऱ्हा दिला म्हणजे तीन-चार वर्षांनी निघणारे कर्ज वाचले.

त्यामुळे गोऱ्ह्याचे संगोपन हा बारकाईने करायचा उद्योग होता. गावठी गाय दिवसाला दोन-तीन शेर दूध द्यायची. त्यातले दोन सड घराला, दोन सड वासराला, हा सर्वसाधारण रिवाज. वासरू अंगाने चांगले आणि नर असले तर घरच्या वाट्याला हात आखडता घेतला जाई. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या खिलार पैदाशीत तर निवडक खोंडाला आईचे सगळे दूध सोडत, कधी दुसऱ्या गायीचेही पाजत. त्याच गोठ्यातली कालवड मात्र कडब्यावर वाढे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शेतीविषयक अहवालांनी ही तक्रार वारंवार केली आहे: शेतकरी बैलासाठी गाय पाळतो, गायीसाठी गाय पाळत नाही, म्हणून दूध वाढत नाही.

दुधाचे दात असेपर्यंत वासरू ‘आदत’. साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात आले की ‘दोनदाती’, मग चारदाती, सहादाती आणि शेवटी ‘जुळलेला’. बाजारात जनावराचे वय तोंड उघडून याच भाषेत सांगितले जाते. दीड-दोन वर्षांच्या खोंडाच्या नाकात वेसण येई. खच्चीकरण मुद्दाम लांबवत, कारण लवकर बडवले तर मान भरत नाही आणि वशिंड धरत नाही. वशिंड नसेल तर जू टेकणार कशाला? हे काम जाणकाराकडून होई. जनावर आडवे पाडून पाय बांधायचे आणि अंडाच्या शिरा दोन लाकडांत धरून ठेचायच्या. ते पाहवत नसे. पुढे सरकारी गुरांच्या दवाखान्यांतून बर्डिझो चिमटा आला. त्याने कातडी न फाटता शिरा दाबल्या जातात. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्याने तर निकृष्ट वळूंचे खच्चीकरण सरकारी विषयच बनवला.

शिकवणी खळ्यावर सुरू होई. मळणीच्या वेळी मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या पातीत नवे खोंड जुन्या बैलांच्या मध्ये बांधत. तिथे पळायला जागा नसते आणि चूक झाली तरी नुकसान नसते. मग हलकी गाडी, मग कुळव. सगळ्यांत अवघड मोट. धावेवर उताराने पुढे जाताना बैल वजन ओढतो, पण परत येताना त्याला चढावर उलट पावली मागे यावे लागते. समोरचे सोडून मागे चालणे हे कुठल्याच जनावराच्या स्वभावात नाही. जुन्या बैलाच्या जोडीला राहून, मोटकऱ्याच्या आवाजावर, खोंड ते शिके. मोटेवर मागे येणारी जोडी म्हणजे तयार जोडी, आणि तिची किंमत वेगळी. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची खांदेमळणी होई आणि श्रावणी अमावस्येला, पोळ्याच्या दिवशी, गावातून मिरवणूक निघे.

हे झाले गायीच्या नराचे. म्हशीच्या नराची कथा आधीपासूनच उलटी होती, आणि आजच्या गोऱ्ह्याचे काय झाले ते समजायला ती पाहणे भाग आहे. म्हैस दुधासाठीच पाळली जाई. तिचे दूध घट्ट, लोण्याला चांगले, म्हणून वासराच्या तोंडी जाणारा प्रत्येक घोट तुपाच्या हिशेबात मोजला जाई. रेडी असेल तर ती जगवत. रेडा असेल तर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच त्याचे दूध तुटे. मोठा झालेला रेडा, म्हणजे हल्या, उन्हात टिकत नाही, काळ्या रानात बैलाच्या बरोबरीने चालत नाही. पखालीला, भातखाचरांत किंवा ओझ्याला थोडे रेडे लागत, काही देवीच्या जत्रांत बळी जात. बाकीचे गोठ्यातच आटत. वासरू मेल्यावर म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून त्याचेच कातडे सोलून, आत पेंढा भरून ‘भोत’ तयार करत आणि धार काढताना तिच्यापुढे उभे करत. याच गोदावरीच्या काठी पैठणला रेड्याच्या मुखी वेद वदवल्याची कथा आहे आणि जुन्नरजवळच्या आळे गावी त्या रेड्याची समाधीही पुजली जाते. गोठ्यातल्या रेडकाला त्या पुण्याईचा लाभ झालेला दिसत नाही.

शहरात वासरे मरण्याचे प्रमाण कितीतरी मोठे होते. मुंबईच्या तबेल्यांत गुजरात-काठियावाडकडून ताज्या व्यालेल्या म्हशी येत. जागेचे भाडे आणि चाऱ्याचा भाव पाहता वासरू जगवणे परवडत नसे. नर आणि मादी दोन्ही मरत आणि आटलेली म्हैस कसाईखान्यात जाई. वासराविना पान्हा फोडण्यासाठी ‘फुका’ नावाचा क्रूर प्रकार चालत असे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने तो स्पष्टपणे गुन्हा ठरवला. १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभारली, त्यामागे तबेले शहराबाहेर काढण्याइतकीच ही नासाडी थांबवण्याचीही दृष्टी होती.

युरोपात नर वासराला आधीपासून गिऱ्हाईक होते. दूध पिणाऱ्या वासराचे फिकट, मऊ मांस तिथल्या स्वयंपाकात मानाचे, कातडे पुस्तकबांधणीला आणि जोड्यांना, आणि चौथ्या पोटातले रेनेट चीज विरजायला. छोट्या शेतकऱ्याच्या गोठ्यात दोन-चार गायी असल्या की वर्षाला एखाददोन नर वासरे काही आठवडे दुधावर वाढवून खाटकाला विकणे हे पीकच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लोणी-चीजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मलईविरहित दुधाचे आणि निवळीचे करायचे काय, असा प्रश्न पडला. नेदरलँड्समध्ये त्याची भुकटी करून वासरांना पाजायचा मोठा उद्योग उभा राहिला. मांस पांढरे राहावे म्हणून खाण्यातले लोह कमी ठेवायचे आणि हालचाल होऊ नये म्हणून वासराला अरुंद लाकडी खोक्यात बांधायचे, ही पद्धत त्यातूनच आली. लोकांनी ती पाहिली तेव्हा संताप झाला. ब्रिटनने १९९० साली अशी खोकी बंद केली. युरोपीय संघात आठ आठवड्यांवरचे वासरू एकट्याने खोक्यात कोंडणे २००७ पासून बेकायदा आहे. तिथले भांडण वासरू कसे वाढवायचे यावर झाले, मारायचे की नाही यावर फारसे झाले नाही. इथे नेमके उलट आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरच्या छावणीत, इंग्रजी पलटणी होत्या तोवर तिथे गोमांसाचा पुरवठा होत असे. पण तो निकामी जनावरांचा व्यापार होता. धडधाकट गोऱ्हा खाटकाला देण्यात शेतकऱ्याचा धर्म आड येई आणि हिशेबही. गोऱ्ह्याची किंमत मांसापेक्षा औताला जास्त होती. म्हणूनच वासरू पोसून विकण्याचा धंदा या भागात रुजला नाही. पुढे कायद्याने जी मनाई केली, ती बैलाच्या बाजारभावाने आधीच केलेली होती.

हा भाव पाण्याने मोडला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दारणा धरण पुरे झाले आणि नांदूर मध्यमेश्वरवरून निघालेले गोदावरीचे कालवे कोपरगावच्या शिवारात आले. ऊस आला, गूळ आला, मग कारखाने: हरिगावला बेलापूर कंपनी, साकरवाडी-लक्ष्मीवाडीला सोमय्यांचा गोदावरी कारखाना, आणि १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी कारखाना. सुरुवातीला याने बैलांची मागणी वाढलीच. ऊस गाडीने कारखान्यावर जाई. पण कारखान्याच्या पैशातून विहिरीवर इंजिन आले, मग विजेची मोटार, आणि मोट संपली. पाठोपाठ ट्रॅक्टर. बैलाच्या कामांतले एकेक काम कमी होत गेले, शेवटी पेरणी, कोळपणी आणि उसाची टायरगाडी एवढेच उरले. टायरगाडीचे बैलही बहुधा बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या तोडणी कामगारांचे.

दुसरा घाव दुधाच्या बाजूने पडला, आणि तो निर्णायक ठरला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ या संस्थेची स्थापना केली आणि परदेशी वळूंच्या रेतनाने संकरित गाय खेड्याच्या गोठ्यात पोहोचवली. त्याच सुमारास याच जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आले; तिथे होल्स्टीन फ्रिजियन (एचएफ), जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांतून ‘फुले त्रिवेणी’ तयार झाली. १९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळाने शेतकऱ्याला शिकवले की पीक जाते, पण दुधाचा पगार दर पंधरवड्याला येतो. कोपरगाव, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर इथे संघ निघाले, गावोगाव संकलन केंद्रे झाली, लोणीचा बाजार दुभत्या गायींसाठी आणि घोडेगावचा म्हशींसाठी नावाजला. दोन-तीन शेर देणाऱ्या गावठी गायीच्या दावणीला दहा-पंधरा लिटर देणारी एचएफ उभी राहिली. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर गायीची म्हैस झाली, आणि गोऱ्ह्याच्या वाट्याला रेडकाचे नशीब आले.

संकरित नराचे शरीरच इथल्या कामाला सोयीचे नाही. वशिंड जवळजवळ नसल्याने जू मानेवर सरकते. वैशाखाच्या उन्हात तो धापा टाकतो. काही ठिकाणी अशा बैलांनी उसाच्या गाड्या ओढल्या, पण रोजच्या औताला शेतकऱ्याने त्यांना मनापासून स्वीकारले नाही. शिवाय गोठ्यातले त्याचे शेवटचे कामही गेले. गावठी गाय वासरू पुढे असल्याशिवाय पान्हा सोडत नाही, म्हणून तिचा गोऱ्हा निदान ती आटेपर्यंत जगवावाच लागे. संकरित गाय वासराशिवाय, नुसती कास धुतल्यावर किंवा यंत्र लावल्यावरही दूध देते.

खर्चाचा हिशेब कोणीही दूधवाला तोंडी करतो. संकरित वासरू जन्मतः पंचवीस-तीस किलोचे. वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध रोज पाजायचे म्हटले तर तीन लिटर. तीन महिन्यांत सुमारे २७० लिटर. लिटरला २७ रुपये धरले तरी सात हजारांच्या वर रक्कम वासराच्या पोटात जाते, चारा-खुराक वेगळा. कालवडीत ही गुंतवणूक अडीच-तीन वर्षांनी फिटते. गोऱ्ह्यात ती कधीच फिटत नाही. म्हणून चीक पाजून झाला, न झाला की त्याचे दूध तोडतात. काही गोऱ्हे हगवणीने मरतात, काही चार-आठ दिवसांचे असतानाच कोणाच्या तरी गाडीत चढतात, काही देवळापाशी किंवा हमरस्त्याला सोडले जातात. पूर्वी देवाच्या नावाने सोडलेला वळू गाव पोसत असे. आता सोडलेल्या गोऱ्ह्याला गाव हाकलते.

कायद्याची बाजू याच काळात घट्ट होत गेली. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात गायींबरोबर वासरांचा स्वतंत्र उल्लेख आहे. १९५८ साली महंमद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गायी आणि वासरे यांच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी वैध ठरवली, पण निकामी बैलांना ती लागू करता येणार नाही असे म्हटले. २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात मोठ्या पीठाने ही दुसरी बाजूही बदलली. महाराष्ट्राचा १९७६ चा पशुसंरक्षण कायदा १९७८ पासून अमलात आला. त्यातल्या ‘गाय’ या व्याख्येत कालवड तर आहेच, गायीचे नर वासरूही आहे. म्हणजे गोऱ्ह्याची कत्तल राज्यात तेव्हापासूनच बेकायदा आहे. २०१५ ची दुरुस्ती हीच पहिली मनाई, असा जो समज आहे तो चुकीचा. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झालेली ही दुरुस्ती वळू आणि बैल यांच्यापुरती नवी होती. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आणि दहा हजार रुपये दंडाची. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

तरीही २०१५ ने गोऱ्ह्याचे गणित खरोखर बदलले. आधी गोऱ्हा मोठा करून, काही वर्षे काम करून घेऊन, म्हातारपणी बैल म्हणून विकता येई; शेवटी हातात येणारी ती रक्कम सगळ्या पोसण्याच्या खर्चाची हमी होती. ती नाहीशी झाल्यावर सुरुवातीलाच पोसणे थांबले. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातल्या गायवर्गातील माद्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महाराष्ट्रातला एकूण गोवंश याच काळात दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला. ट्रॅक्टरचा यात मोठा वाटा आहे. पण जन्माला येणारे नर आणि माद्या जवळपास सारखेच असतात, हे लक्षात घेतले तर मधली तूट कुठे गेली याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत.

पुणतांब्याचे नाव देशभर झाले ते २०१७ च्या शेतकरी संपाने. एप्रिलमधल्या ग्रामसभेत संपावर जायचे ठरले आणि १ जूनपासून दूध, भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले. रस्त्यांवर दुधाचे टँकर रिकामे झाले. कर्जमाफी, हमीभाव आणि दुधाला लिटरमागे ५० रुपये या प्रमुख मागण्या होत्या. संपानंतर सरकारने गायीच्या दुधाचा खरेदीदर २४ वरून २७ रुपये केला आणि जून अखेरीस ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. संपाच्या आठवडाभर आधीच, २३ मे रोजी, केंद्राने गुरांच्या बाजारात कत्तलीसाठी विक्री करण्यावर बंदी घालणारे नियम काढले होते. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना देशभर स्थगिती दिली. दुधाचा भाव आणि भाकड जनावराचा भाव या एकाच धंद्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या दोन महिन्यांत जितके स्पष्ट दिसले तितके एरवी दिसत नाही. संपाच्या घोषणांमध्ये मात्र दूध होते, गोऱ्हा नव्हता. गायीच्या नराचा प्रश्न उघडपणे मांडणे कोणत्याच पुढाऱ्याला सोयीचे नसते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशी व्यापाऱ्यांनी गोरक्षकांच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ राज्यात जनावरांची खरेदी बंद ठेवली तेव्हा बाजार ओस पडले आणि हा विषय पुन्हा वर आला.

म्हशीच्या बाबतीत सरकारने वेगळी वाट धरली. रेडकांच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, पण सरसकट बंदी नाही; निर्यातीतही गाय, बैल आणि वासराच्या मांसाला मनाई आहे, म्हशीच्या मांसाला परवानगी. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने नर रेडके वाचवून, वाढवून मांसासाठी देण्याची योजनाच आखली होती. युरोपातल्या छोट्या शेतकऱ्याच्या धंद्याच्या सर्वांत जवळ जाणारा भारतीय प्रयोग तो हाच.

गोऱ्ह्यासाठी उरते गोशाळा. २०१७ साली राज्याने जिल्ह्यागणिक गोवर्धन गोवंश सेवा केंद्रांची योजना आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी प्रत्येकी रोज ५० रुपये अनुदान ठरवले. संकरित गोऱ्हा इथेही अडचणीतच राहिला: कत्तलबंदीत तो पूर्ण मोडतो, अनुदानात मोडत नाही.

सध्या पशुसंवर्धन खात्याचा आणि दूध संघांचा भर लिंगवर्गीकृत रेतमात्रांवर आहे. वळूच्या रेतातले मादी जन्माचे शुक्राणू वेगळे करून त्याच कांड्या भरतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी जन्मतात. कांडी साध्या कांडीपेक्षा महाग असते, म्हणून सरकार आणि संघ तिच्यावर अनुदान देतात. वर्गीकरणात शुक्राणूंची संख्या कमी होते आणि गाभ राहण्याचे प्रमाणही थोडे घटते, त्यामुळे ती शक्यतो तरण्या, निरोगी कालवडींना आणि माज नेमका ओळखून भरावी लागते. दोनदा उलटली की शेतकरी पुन्हा साध्या कांडीकडे वळतो. राहाता-कोपरगावच्या गोठ्यांत कुठे एक वापरली जाते, कुठे दुसरी. साध्या कांडीने भरलेल्या गायींच्या पोटी निम्मे गोऱ्हे पूर्वीसारखेच जन्मतात.